कोकणात मेकॅनिकल डिप्लोमा: प्रवेशापासून पहिल्या शिफ्टपर्यंत

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचे कारखाने एकदा नकाशावर बोट ठेवून बघा. डोलवीला पोलाद, थळला खत, धाटाव, महाड आणि लोटे-परशुरामला रसायनं, अंजनवेलला गॅसवरची वीज, जयगडला कोळशावरची १,२०० मेगावॉट, पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेची टर्बाइनं. गाड्यांचे सुटे भाग हजारोंनी कापणारी मशीन शॉप्स इथे थोडी. ती पुणे, भोसरी, चाकणकडे. म्हणून कोकणात राहून मेकॅनिकलची नोकरी करायची तर ती बहुतेक वेळा मेंटेनन्सची नाहीतर युटिलिटीची निघते. म्हणजे पंप, पाइपलाइन, व्हॉल्व्ह, बॉयलर, कंप्रेसर, कूलिंग टॉवर. तीन वर्षांत कुठला विषय पासापुरता करायचा आणि कुठला हाताला बसेपर्यंत करायचा, हे यावरून ठरवा.

प्रवेश

दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा. दहावीला किमान ३५ टक्के लागतात आणि प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमधून होतो. बारावी सायन्स किंवा आयटीआय झालं असेल तर थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. आयटीआय फिटर करून आलेल्याचा हात तयार असतो, पण पहिल्या वर्षाचं गणित हुकलेलं असतं आणि ते स्ट्रेंथ ऑफ मटेरियलमध्ये आडवं येतं. अशा मुलाने कॉलेज सुरू व्हायच्या आधी महिनाभर त्रिकोणमिती आणि साधं कॅल्क्युलस उरकून घ्यावं.

शासकीय तंत्रनिकेतनं रत्नागिरी, मालवण आणि पेण इथे आहेत. शुल्क खाजगीपेक्षा बरंच कमी, त्यामुळे पसंतीक्रमात ती वर ठेवण्याला कारण आहे. पसंतीक्रम भरताना एक चूक दरवर्षी होते. घराजवळचं कॉलेज ‘असू दे’ म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकलं जातं, पहिल्याच फेरीत तेच मिळतं, आणि पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्या बंद. खरोखर हवं तेच पहिलं लिहा. फेऱ्यांचे बाकीचे नियम त्या त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत वाचा. गेल्या वर्षी कुणाला काय जमलं यावर जाऊ नका.

कागद निकालाआधी तयार ठेवा: शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. नॉन-क्रिमिलेअर त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. जुनं चालत नाही. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते, त्यात पाऊस, त्यात सर्व्हर. मे महिन्यात अर्ज टाकणारा सुटतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफी योजनेचा) पर्याय भरा. या जागा मंजूर क्षमतेच्या पाच टक्के जादा असतात आणि शिक्षण शुल्क माफ होतं. फक्त शिक्षण शुल्क, बाकीचं भरावं लागतं. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येते आणि आधारला जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. मुलाचं खातं आईच्या आधारला जोडलेलं निघालं की पैसे अडकतात, तेव्हा हे आधीच तपासा.

कॉलेज बघायला गेलात तर

वेबसाइटवरच्या फोटोत सगळ्याच वर्कशॉप चकचकीत असतात. कामाच्या दिवशी जा आणि लेथच्या खालचा ट्रे बघा. त्यात ताज्या चिपा आणि कूलंटचा ओलावा असेल तर मशीन चालतं. ट्रे कोरडा, रंग नवा आणि चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) गंजाची पातळ साय असेल, तर ते मशीन तपासणी समितीसाठी ठेवलं आहे. समुद्राजवळच्या हवेत न वापरलेलं लोखंड एका पावसाळ्यात बोलायला लागतं.

दुसरी खोली फ्लुइड लॅबची. सेंट्रिफ्यूगल (फिरत्या चाकाने पाणी फेकणाऱ्या) पंपाचा टेस्ट रिग लावून दाखवता का, असं लॅब असिस्टंटला विचारा. पाणी फिरलं, गेजचा काटा हलला, तर ठीक. ‘मोटर जळली आहे, आली की करू’ असं उत्तर आलं तर तिथली मुलं जर्नलमध्ये रीडिंग कुठून आणतात ते समजून घ्या.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी मुलं गणितात आणि ड्रॉइंगमध्ये अडकतात. एमएसबीटीई, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या लेखी पेपरात ७० पैकी २८ लागतात. गणिताची के.टी. (राहिलेला विषय) दुसऱ्या वर्षापर्यंत ओढली तर वायडीची, म्हणजे वर्ष वाया जाण्याची, भीती असते, आणि गेलेलं वर्ष मुलाखतीत कागदावर दिसतं. पहिल्या चाचणीत कमी पडलात तर गणपतीच्या सुट्टीआधी शिक्षकांकडे जा. गणपती झाले की सबमिशन लागतं आणि मग कुणालाच वेळ नसतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांना उत्तरपत्रिकेत मराठी-इंग्रजी मिसळून लिहिण्याची सोय आहे. ती वापरा, पण पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवा. कारखान्यातली लॉगशीट, परमिट, मॅन्युअल इंग्रजीत असतात. तिथे ‘दाब’ लिहून चालत नाही.

ड्रॉइंगमध्ये सर्वांत जास्त गुण जातात ते फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल यांच्या गोंधळात. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं: टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली, डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडे. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकन पद्धतीचे, म्हणजे थर्ड अँगलचे असतात. ते बघून शिकलेला मुलगा परीक्षेत व्ह्यू उलटे टाकतो. चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कारण आकार बरोबर असतात, जागा चुकलेल्या असतात.

वर्कशॉपमध्ये एक गोष्ट पहिल्या आठवड्यात ठरवून टाका: मोजमाप दुसऱ्याचं उतरवायचं नाही. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मि.मी. मुख्य पट्टीवर २३ आणि व्हर्नियरची १७ वी रेघ जुळली तर २३ अधिक १७ गुणिले ०.०२, म्हणजे २३.३४ मि.मी. पण जबडे मिटल्यावर शून्याची रेघ उजवीकडे दोन घरं सरकलेली असेल तर झिरो एरर अधिक ०.०४, तो वजा करायचा: २३.३०. एक्स्टर्नल परीक्षक नेमकं इथेच विचारतो. व्हर्नियर घामाच्या हाताने ठेवून दिलं की खाऱ्या हवेत दोन दिवसांत जबड्यावर डाग पडतो. पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा.

लेथवरचा टेपर, म्हणजे निमुळता भाग, हा आणखी एक ठरलेला खड्डा. समजा मोठा व्यास २५, छोटा २० आणि टेपरची लांबी ४० मि.मी. कंपाउंड स्लाइड (टूल धरणारा फिरता भाग) फिरवायचा कोन अर्धा असतो: व्यासांतला फरक ५, भागिले लांबीच्या दुप्पट म्हणजे ८०. ते ०.०६२५ येतं आणि कोन ३ अंश ३५ मिनिटं. घाईत ५ भागिले ४० केलं की कोन ७ अंशांच्या वर जातो. टूल दोन्ही बाजूंचं मटेरियल एकाच वेळी घेतं हे विसरल्यामुळे जॉब दुप्पट निमुळता होतो, आणि तो भंगारातच जातो. वेगाचंही असंच. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टील कापताना कटिंग स्पीड मिनिटाला २८ मीटरच्या आसपास धरा. २८ ला १००० ने गुणा, व्यास २५ आणि ३.१४ यांच्या गुणाकाराने भागा: सुमारे ३५७ फेरे. मशीनवर नेमका तेवढा गिअर नसेल तर खालचा घ्या. वरचा घेतला की टूलची धार निळी पडते.

दुसरं वर्ष: इथे वेळ घाला

फ्लुइड मेकॅनिक्स, थर्मल आणि मेजरमेंट. कोकणातल्या नोकरीसाठी हे विषय थिअरी ऑफ मशिन्सपेक्षा जास्त कामाला येतात. थिअरी ऑफ मशिन्स पाससाठी करा, डिग्रीला जायचं असेल तर नीट करा.

पंप मात्र पुस्तकातून उचलून हातात घ्या. मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: पंप सुरू करताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडा की बंद? सेंट्रिफ्यूगलला बंद ठेवून सुरू करतात, कारण प्रवाह शून्य असताना मोटरवर लोड सर्वांत कमी येतो. वेग घेतला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. जास्त वेळ बंद ठेवला तर आतलं द्रव तापतं. रेसिप्रोकेटिंग (पिस्टनने ढकलणाऱ्या) पंपाला नेमकं उलट. तिथे व्हॉल्व्ह बंद असेल तर प्रत्येक स्ट्रोकला दाब वाढत जातो आणि रिलीफ व्हॉल्व्ह उडाला नाही तर पाइप किंवा गास्केट (सांध्यातली चकती) फुटतं. उत्तर पाठ केलेलं आहे की समजलेलं, हे पुढच्या ‘का?’ला कळतं.

पुढचा प्रश्न सक्शनचा. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा १०.३ मीटर स्तंभ पेलतो, मग पंप १० मीटर खालचं पाणी का ओढत नाही? घर्षण, फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह), पाण्याचा बाष्पदाब यांत बाकीचं जातं. व्यवहारात सहा-सात मीटर धरतात. विहिरीवरच्या पंपाला उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तो खडखडायला लागतो, आत गोट्या फिरतायत असा आवाज येतो. ते कॅव्हिटेशन, म्हणजे दाब उतरून पाण्यात वाफेचे बुडबुडे होणं आणि फुटणं. कोकणात हे बघायला लॅबही लागत नाही, मे महिन्यात कुठल्याही वाडीत उभं राहा.

आता ग्लँड पॅकिंग, म्हणजे शाफ्टभोवती गळती अडवणाऱ्या दोरीच्या रिंगा. फिटरकडून हे काम एकदा स्वतः करून घ्या. आधी पंपाची वीज तोडून लॉक आणि टॅग लावायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून आतला दाब सोडायचा. जुन्या रिंगा हुकने शेवटच्या रिंगेपर्यंत काढायच्या. तळाला एक राहिली तर नवीन पॅकिंग वाकडं दाबलं जातं. नवी दोरी शाफ्टच्या स्लीव्हएवढ्या जाडीच्या पाइपवर गुंडाळून ४५ अंशांत कापायची. प्रत्येक रिंग वेगळी बसवायची आणि तिचा सांधा आधीच्या सांध्यापासून ९० अंश फिरवायचा, नाहीतर सगळे सांधे एका रेषेत येऊन गळतीला वाट मिळते. लँटर्न रिंग (पॅकिंगला पाणी पोचवणारी भोकांची रिंग) फ्लशिंगच्या भोकासमोरच आली पाहिजे. ग्लँडचे नट हाताने आवळून पंप सुरू करायचा आणि गळू द्यायचं. मग दोन्ही नट सारखे, एका वेळी षटकोनाची एक बाजू, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. मिनिटाला ४०-६० थेंब पडले की सोडून द्यायचं. तेच पाणी पॅकिंगला थंड ठेवतं. नवशिका थेंब पूर्ण बंद करायला जातो; मग पॅकिंग जळतं, स्लीव्हवर चरे पडतात आणि त्यानंतर कितीही नवं पॅकिंग घाला, गळती थांबत नाही. आम्लाच्या किंवा विषारी द्रवाच्या पंपाला थेंबही चालत नाही, म्हणून तिथे मेकॅनिकल सील असतं.

फ्लँजचं (पाइपांची टोकं बोल्टने जोडणाऱ्या कडांचं) तेवढंच साधं आणि तेवढंच चुकणारं. आठ बोल्टच्या फ्लँजला घड्याळाच्या क्रमाने आवळत गेलं की गास्केट एका बाजूने चेपतं. क्रम १-५-३-७-२-६-४-८, तोही तीन फेऱ्यांत, थोडं थोडं.

मटेरियलमध्ये एक धडा किनाऱ्यासाठी वेगळा काढून ठेवा. ३०४ स्टेनलेसमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्यावर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम. समुद्राच्या क्लोराइडपुढे ३०४ ला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, ३१६ जास्त टिकतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर एखाद्या ट्रॉलरचं रेलिंग बघा, कुठल्या ग्रेडचं ते तपकिरी ठिपके सांगतील.

इंटर्नशिप

सध्याच्या के स्कीममध्ये (एमएसबीटीईच्या अभ्यासक्रमात) चौथ्या सेमिस्टरनंतर बारा आठवड्यांची इंटर्नशिप आहे. ती गावाजवळच्या गॅरेजमध्ये सही-शिक्क्यावर उरकली जाते, आणि तीन वर्षांतली सर्वांत महागडी चूक तीच. एमआयडीसीतल्या कंपन्यांना जानेवारीतच पत्रं द्या. कॉलेजचं पत्र, विमा आणि आधारची प्रत सोबत. शक्य असेल तर अ‍ॅन्युअल शटडाउनचा (कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवण्याचा) काळ गाठा. एरवी बंद असलेली सगळी उपकरणं तेव्हा उघडलेली असतात: हीट एक्स्चेंजरच्या नळ्या, बॉयलरचा ड्रम, कंप्रेसरचे व्हॉल्व्ह. वर्षभरात बघायला मिळणार नाही एवढं तीन आठवड्यांत दिसतं.

वहीत रोज एकच गोष्ट नीट लिहा: काय बिघडलं, कशावरून कळलं, काय बदललं. अहवालात कंपनीचा इतिहास आठ पानं उतरवून ओरलला काही मिळत नाही.

टाकीत किंवा व्हेसलमध्ये उतरायला कुणी सांगितलं तर कन्फाइंड स्पेसचं (बंदिस्त जागेत शिरण्याचं) परमिट दाखवायला सांगा. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आत जायचं नाही, आणि ते मीटरने मोजलेलं हवं. ‘कालच साफ केली आहे’ हे परमिट नव्हे.

पास झाल्यावर

पहिलं पाऊल अ‍ॅप्रेंटिसशिप. एनएटीएस या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नाव नोंदवा. मुदत एक वर्ष, स्टायपेंड मिळतं. आधी वर्षभर नोकरी केली तर ही वाट बंद होते, म्हणून क्रम उलटा करू नका.

नोकरीचं पत्र हातात आलं की नियुक्ती कुणाच्या नावाने आहे ते बघा. गेटवर कंपनीचं नाव असतं, पत्रावर कंत्राटदाराचं. कंत्राटात जाऊ नये असं नाही, सुरुवातीला शिकायला ते वाईट नसतं. पण पीएफ कापला जातो का, ईएसआयसी (कामगार विमा) आहे का, ओव्हरटाइम कसा धरतात, हे पहिल्या दिवशी विचारा. हातात येणारा आकडा आणि पत्रावरचा आकडा वेगळे असतात.

बॉयलरकडे कल असेल तर ती वाट चांगली आहे आणि गर्दी कमी. काजू प्रक्रिया, आंब्याची कॅनिंग, रसायनं, सगळ्यांना वाफ लागते, आणि नोंदणीकृत बॉयलर प्रमाणपत्रधारकाशिवाय चालवता येत नाही. अनुभव साठला की बाष्पके संचालनालयाची बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा देता येते. सेफ्टीत जायचं असेल तर एमएसबीटीईचाच अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी आहे. एनडीटीची (वस्तू न तोडता करायच्या तपासणीची) लेव्हल टू सर्टिफिकेटं मात्र सांभाळून. प्रत्यक्ष तासांशिवाय आठवड्यात मिळालेला कागद शटडाउन कंत्राटदार ओळखतो.

सरकारीत रेल्वेची ज्युनिअर इंजिनिअर परीक्षा ठळक. पहिला टप्पा १०० प्रश्न, ९० मिनिटं. दुसरा १५० प्रश्न, १२० मिनिटं. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. पहिल्या टप्प्यात मेकॅनिकल नसतंच, गणित आणि बुद्धिमत्ता असते, आणि आपली मुलं तिथेच गळतात. एमपीएससीमार्फत सहायक मोटार वाहन निरीक्षकाचं पद मेकॅनिकल डिप्लोमाला खुलं असतं; त्याला गिअरची मोटारसायकल आणि हलक्या मोटारीचा परवाना लागतो, तो अठरा पूर्ण झाल्यावर काढून ठेवा.

बोटीवर जायचं स्वप्न दापोली-गुहागरकडे घरोघरी असतं. डिप्लोमानंतर डीजी शिपिंगची (केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाची) मान्यता असलेले प्री-सी, म्हणजे बोटीवर जाण्याआधीचे, कोर्स आहेत. दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के आणि रंग नीट ओळखणारे डोळे लागतात. डोळ्यांची तपासणी फी भरण्याआधी करून घ्या. एजंट ‘थेट जॉइनिंग’साठी पैसे मागत असेल तर त्याचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) क्रमांक डीजी शिपिंगच्या साइटवर तपासा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमातच बसत नाही.

डिग्री करायची असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो; खुल्या गटाला डिप्लोमात ४५ टक्के, राखीवला ४० लागतात. लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ कोकणातच आहे. घरची अडचण नसेल तर लगेच जा. नोकरीत दोन वर्षं गेली की शिफ्ट सोडून परत बाकावर बसणं जमत नाही.

पहिली शिफ्ट

पहिल्या आठवड्यात कुणी काम देत नाही, तो वेळ फुकट घालवू नका. पी अँड आयडी (पाइपलाइन आणि उपकरणांचं ड्रॉइंग) घ्या आणि एक एक लाइन पायी फिरून काढा: कूलिंग वॉटर कुठून निघतं, कुठे परत येतं, आयसोलेशन व्हॉल्व्ह कुठे, स्टँडबाय पंप कुठला. ड्रॉइंगमध्ये नसलेला एखादा बायपास सापडेल. तो पेन्सिलने मांडा आणि शिफ्ट इंजिनिअरला दाखवा. स्टँडबाय पंपाचा शाफ्ट हाताने फिरवून बघण्याची परवानगी मागा, अर्थात वीज तोडून, टॅग लावून. पावसाळ्यात महिनाभर उभा राहिलेला पंप बेअरिंगमध्ये पाणी घेतो आणि गरजेच्या रात्री अडतो. फिरत नसेल तर लॉगबुकात तारीख आणि वेळ घालून लिहा.